साहेब मीटिंगला गेलेत

सरकारी ऑफिसातले किस्से गोळा करायला वेगळे कष्ट लागत नाहीत. स्वतःची खुर्ची नसली की झालं. रोज नवं टेबल, रोज नवा किस्सा! मी सहा महिने धाराशिव जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत प्रशिक्षणार्थी होते. कुठल्या ते सांगत नाही, अनुभवाचा दाखला त्यांच्याकडूनच घ्यायचाय. त्या दाखल्यावर नोकरी लागली तर ठीक, नाहीतर घरी स्थळं बघायचा कार्यक्रम ठरलेलाच आहे.

*

पहिल्या दिवशी हेडक्लार्कना विचारलं, "मी कुठं बसू?" त्यांना सगळं ऑफिस तात्या म्हणतं.

तात्यांनी चौफेर नजर फिरवली. "पोरी, इथं रोज कुणीतरी रजेवर असतंय. त्याच्या खुर्चीवर बसायचं."

सहा महिन्यांत एक दिवसही मला उभं राहावं लागलं नाही.

*

मग प्रशिक्षण सुरू झालं. तात्या म्हणाले, "कुणी साहेबांना विचारलं की सांगायचं, मीटिंगला गेलेत. चहाला असूंद्यात, न्हायतर सासरवाडीला. मीटिंगच."

"आणि खरंच मीटिंगला गेले असले तर?"

तात्या गंभीर झाले. "तवा म्हणायचं, जेवायला गेलेत. मीटिंग म्हणलं की लोकांना वाटतंय साहेब आतच हाईत. केबिनचं दार ढकलत्यात."

खरी मीटिंग धाराशिवला असते आणि तिकडून साहेब थेट घरी जातात, हे मला पुढं कळलं. त्या दिवशी सही विसरायची.

*

येरमाळ्याजवळच्या आमच्या गावात वडिलांनी जाहीर करून टाकलेलं, "पोरगी पंचायत समितीत लागली." मी नुसती शिकाऊ आहे, हे कुणी ऐकूनच घेईना. एक दिवस वडील स्वतःच विहिरीची फाईल घेऊन ऑफिसात हजर.

"साहेब हाईत का?"

"मीटिंगला गेलेत, दादा."

तेवढ्यात साहेब चूळ भरायला केबिनबाहेर आले. वडिलांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी घरी गेले तर वडील आईला कौतुकानं सांगत होते, "पोरगी लई लवकर शिकली."

*

मला कॉम्प्युटर येतो, हा माझा गुन्हा. महिन्याभरात सगळ्यांचे पासवर्ड माझ्याकडं आले आणि पाठोपाठ सगळ्यांची कामंही आली. पुढं वरून तपासणी आली. "ही एंट्री कोण करतं?" असं विचारल्यावर सगळ्या ऑफिसनं एकदिलानं माझ्याकडं बोट केलं. एरवी या लोकांचं चहात साखर किती यावरही एकमत होत नाही.

तपासणीवाल्या साहेबांनी मला मनसोक्त झापलं. मी कोपऱ्यात रडत बसले, तर तात्या समजूत काढायला आले. "रडती कशाला? कर्मचारी समजूनच झापलं ना? आम्हाला त्यासाठी परीक्षा द्यावी लागली."

*

सहा महिने संपले. निरोप समारंभात साहेब मला ऑफिसचा कणा म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून कणा घरी!

दाखला मी आधीच टाईप करून ठेवला होता. माझाच दाखला, मीच टाईप केलेला, कारण ते कामही माझ्याचकडं होतं. फक्त साहेबांची सही राहिली होती. दोन आठवडे मी फोन करत होते आणि साहेब मीटिंगला होते.

मग नळदुर्गच्या एका संस्थेत जागा निघाली. घरी वडिलांनी सांगून टाकलं, "हे जमलं न्हाय तर रविवारी पाव्हणे बोलावतो." अर्जाच्या शेवटच्या दिवशी मी पहिल्या एसटीनं निघाले आणि ऑफिस उघडायच्या आधीच दारात उभी राहिले. संध्याकाळपर्यंत बसायची तयारी होती. आज साहेब सासरवाडीहून जरी आले तरी मी सही घेणारच होते.

सकाळी दहाला तात्या आले. मला बघून थबकले.

"तात्या, साहेब?"

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बस पोरी, च्या सांगतो."

"तात्या, साहेब कुठं हाईत?"

तात्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जेवायला गेलेत."