मावशीची एकच घाई

माझ्या मावशीने आयुष्यात एकदाच घाई केली, आणि त्या एका घाईपायी एकोणतीस वर्षं सख्ख्या बहिणीचा संशय सोसला. सोसला म्हणजे काय, तोंडातून चकार शब्द काढला नाही. हे मला कळलं तेव्हा तिची दया वगैरे अजिबात आली नाही. राग आला. अजूनही येतो, म्हणून तर लिहितेय.

मावशी काळं घडवायची. पुस्तकात त्याला जेट म्हणतात. आमच्या कामाच्या खोलीत तो शब्द कुणी वापरला नाही, नुसतं ‘काळं’. लाखो वर्षांपूर्वी झाडं पडली, समुद्राखालच्या गाळात दबली, आणि त्यांचा कोळसा होता होता राहिला, तो हा दगड. हातात घेतला तर दगड वाटत नाही, इतका हलका, आणि काचेसारखा गारही लागत नाही. बायका गळ्यात घालतात, कानात घालतात आणि पहिल्यांदा घालणारी प्रत्येक जण हेच म्हणते, की अंगावर काही आहे असं वाटतच नाही. मावशी यावर दरवेळी म्हणायची, वाटत नसेल तर आरशात बघा.

खोली रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली होती. उत्तरेला एकच खिडकी, आणि ती रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे तिच्यातून फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय दिसायचे. मावशी गिऱ्हाईक चपलांवरून ओळखायची. ‘आली बघ ती घासाघीस करणारी,’ असं म्हणून ती आधीच तोंड वाकडं करून ठेवायची. खिडकीखाली तिचा बाक, बाकावर करवत, सहाण, पायाने फिरवायचं चाक, आणि चकाकी आणायला तेलात कालवलेल्या लाल पुडीची वाटी. दगड काळाभोर, पण त्याची भुकटी तपकिरी पडते. मावशीची नखं जन्मभर तपकिरी होती. मणी झाला की नाही हे ठरवायची तिची रीत एकच. तो खिडकीसमोर धरायचा. त्यात खिडकीच्या गजांसकट खिडकी दिसली तर झाला, नाही तर परत चाकावर. मी तिच्या हाताखाली नऊ वर्षं काढली, आणि पहिलं वर्षभर मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. खिडकी कुठाय? खिडकी कुठाय?

ती सोळाव्या वर्षी हे काम शिकली. आईवडील लवकर गेले होते. पाठची बहीण, म्हणजे माझी आई, पाच वर्षांची. एका म्हाताऱ्या कारागिराकडे मावशी झाडलोट करायला लागली आणि वर्षभरात त्याच्या बाकावर जाऊन बसली. आईचं शिक्षण, कपडे, दुखणीखुपणी सगळं तिने त्या तपकिरी नखांनी केलं. लग्न केलं नाही. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, मला वाळायला कुणी वेळच दिला नाही.

हा विनोद कळायला आमची एक रीत माहीत हवी. काळं समुद्राच्या कड्यावरून येतं तेव्हा आतून ओलं असतं. ते लगेच कापायचं नसतं. त्यावर खडूने महिना आणि वर्ष घालायचं आणि चुलीपासून लांबच्या फळीवर ठेवून द्यायचं. ऊन, पाऊस, थंडी, परत ऊन. चार ऋतू काढले आणि तडा गेला नाही, तरच तो दगड बाकावर येतो. मध्येच तडकला तर फेकायचा. कितीही मोठा असो, कितीही सुंदर असो. म्हाताऱ्याने मावशीला हे पहिल्या दिवशी सांगितलं आणि मावशीने मला. या बाबतीत ती नाकावर माशी बसू द्यायची नाही. कच्चं काळं मागणाऱ्या गिऱ्हाइकांना तिने सरळ पायऱ्या दाखवल्यात.

तर ही अशी बाई. आणि माझी आई, जी तिच्याच हाताखाली वाढली, ती काळ्याचा एक मणीही अंगाला लावत नव्हती. खोलीत पाऊलही टाकत नव्हती. बहिणी एकमेकींकडे जायच्या, दुखणंखुपणं विचारायच्या, पण कामाचा विषय निघाला की आई उठून भांडी आवरायला लागायची. मी मावशीकडे शिकायला जाते म्हटल्यावर तिने एवढंच म्हटलं, की जा, पण जे करशील ते खरं कर. मला तेव्हा वाटलं, आई सगळ्यांनाच असं सांगते. पाणी कुठे मुरतंय हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

गेल्या वर्षी मावशीची बोटं वळेनाशी झाली. डॉक्टरांनी चाक बंद करायला सांगितलं. तिने एक महिना मागून घेतला आणि खोली माझ्या हवाली करायला काढली. मी फळ्या आवरत होते. सगळ्यात वरच्या फळीवर, मागे, कापडात गुंडाळलेला एक दगड सापडला. एवढा मोठा, एकसंध, कुठे रेघही नाही. त्यावर खडूने घातलेलं वर्ष माझ्या जन्माच्या पुढचंच होतं.

मी विचारलं, हा का पडून आहे? मावशी म्हणाली, ठेव तिथेच. मी ठेवला नाही. मी खाली उतरून तो तिच्या बाकावर, तिच्या नाकासमोर ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिले. मला ते चांगलं जमतं.

मग तिने सांगितलं. आईच्या लग्नासाठी तिला एकवीस मण्यांची माळ करायची होती, आणि सगळे मणी एकाच दगडातून, म्हणजे चकाकी सारखी राहील. तिने त्यासाठी एक दगड ठेवला होता. लग्न हिवाळ्यात ठरलं होतं. मग माझ्या बाबांना लांबच्या गावी नोकरी लागली, आणि लग्न सात महिने अलीकडे आलं. दगडाला जेमतेम पाच महिने झाले होते. फळीवर वाळलेले दुसरे दगड होते, पण लहान लहान. त्यांतून माळ झाली असती, पण चार जागचे मणी एकत्र आले असते. मावशीला ते चालेना. तिने पाच महिन्यांचा दगड कापला.

माळ देखणी झाली. तिसऱ्या वर्षी तडकायला लागली. आधी एक मणी, मग सहा-सात. सासरी कुणीतरी म्हणालं, अहो, हे काळं कसलं, हे तर रबर. तेव्हा बाजारात काळ्या रबराच्या माळा काळ्याच्या नावाने खपत होत्या, आणि त्या अशाच फुटायच्या. आई मला कडेवर घेऊन, माळ रुमालात बांधून, प्रवास करून या खोलीत आली आणि उभ्याउभ्या विचारलं, ताई, हे खरं आहे का?

‘मग तू काय सांगितलंस?’ मी म्हणाले.

‘मी म्हटलं, तुला काय वाटतं? आणि चाक फिरवायला लागले.’

आई निघून गेली. त्याच आठवड्यात मावशीने हा दगड आणला, वर्ष घातलं, बहिणीसाठी. चार ऋतू झाले, आठ झाले. पुढे बाबांची बदली होऊन आम्ही याच गावात राहायला आलो, तरी आईने पुन्हा विचारलं नाही, मावशीने दगड कापला नाही.

मी म्हणाले, अगं पण ती खरी होती! एक सुई तापवून दाखवायची, दोन मिनिटांचं काम. मावशीने मान हलवली. खरी आहे म्हटलं असतं, तर मग तडकली का, हे सांगावं लागलं असतं. ज्या बाईने फळीवरच्या दगडाला कुणाला हात लावू दिला नाही, तिने सख्ख्या बहिणीच्या लग्नात कच्चा दगड घातला. हे धाकटीला कळण्यापेक्षा तिने खोटारडी म्हटलेलं मावशीला परवडलं. आणि हे सगळं सांगून झाल्यावर ती बाई मला म्हणते कशी, आईला बोलू नकोस, आता महिनाभराने मी बाकावरून उठणारच आहे, मिटेल आपोआप. मिटेल कसलं डोंबल! आई अठ्ठावन्न वर्षांची, मावशी एकोणसत्तर. मिटायला दोघींपैकी एक तरी मरायला हवी होती.

मी शब्द दिला नाही. दिला असता तरी मोडला असता.

घरी गेले आणि आईकडे माळ मागितली. आईने कपाटातल्या बिस्किटाच्या डब्यातून तोच रुमाल काढून माझ्यासमोर टाकला. फेकली नव्हती, हे मी मनात टिपून ठेवलं. मी गॅसवर सुई लाल केली आणि आईला जवळ बोलावलं. रबर असेल तर जळक्या टायरचा वास येईल, म्हटलं. खरं असेल तर कोळशाचा. एका मण्याच्या भोकात, आतल्या बाजूने, मी सुई टेकवली.

आईला सांगावं लागलं नाही. तो वास मावशीच्या कपड्यांना कायम असायचा, आई तिच्या कुशीत झोपून मोठी झालेली. ती खुर्चीवर बसली. मग दगडाची, पाच महिन्यांची, सगळी हकिगत मी सांगितली, आणि मावशीने सांगू नको म्हटलं होतं हेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाकाला तेल घालत होते. मावशी बाकावर होती. एकदम तिचे हात थांबले. खिडकीत दोन पाय उभे होते, साध्या चामड्याच्या चपला, डावा अंगठा जरा बाहेर वळलेला.

‘धाकटी आहे,’ मावशी म्हणाली. आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी तेलाचा डबा घेऊन कोपऱ्यात सरकले.

आई दोन पायऱ्या उतरली. रुमाल बाकावर ठेवला, सोडला.

‘मी आजवर काय समजत होते, माहितीये?’ ती म्हणाली. ‘माझ्यासाठी करताना तुला खोटंही चाललं. सगळ्या गावाला खरं, आणि मला रबर.’

मावशी खाली बघत होती. म्हणाली, ‘कच्चं होतं. मला माहीत होतं. तरी कापलं.’

‘घाई कुणाला होती, ताई? लग्न कुणी अलीकडे आणलं? मी. तू नाही.’

मावशीने मान वर केली. इतक्या वर्षांत हा हिशेब तिने कधी असा मांडलाच नव्हता. सगळी चूक स्वतःच्या पदरात घेऊन बसली होती. तिचे डोळे भरले, आणि ते पुसायला तिने हात उचलला तर हाताला लाल पूड होती, म्हणून तशीच बसली. आईने पदराने पुसले. मीही रडले, कोपऱ्यात, तेलाचा डबा धरून.

मग मावशीने नाक ओढलं आणि लगेच कामाचं बोलायला लागली. वरचा दगड दाखवला. आता माझी बोटं चालत नाहीत, पण ही करेल, म्हणजे मी. एकवीस मणी, एका दगडातून, रेघ पडणार नाही. आईने तो दगड हातात घेतला, वजन बघितलं आणि माझ्याकडे दिला.

‘हा हिला राहू दे. मला हीच माळ परत ओवून दे.’

मावशीच्या बाकावरून तडकलेला मणी कधी बाहेर गेला नव्हता. तरी तिने नवा दोरा घेतला. सुईत ओवायला तिला तीन वेळा लागलं, मी पुढे झाले तर मला हात केला, थांब. एकेक मणी चिमटीत फिरवून, तडा कुठे आहे ते बोटाने चाचपून, ती सगळे तडे मानेकडच्या बाजूला वळवत होती, दिसू नयेत म्हणून.

आईने तिचा हात धरला.

‘बाहेरच राहू देत,’ ती म्हणाली. ‘कुणी विचारलं तर मला सांगायचंय, ताईने केलीय.’