अस्वलाची उडी आणि सासूबाईंचा अंगठा

आमच्या घरात उघडं असं काही राहत नाही. मिक्सरला खोळ आहे, टीव्हीच्या रिमोटला खोळ आहे, गॅसच्या सिलिंडरला तर झालर लावलेली खोळ आहे. माझ्या सासूबाईंचं खोळी आणि पडदे शिवायचं दुकान. कापडाचा उरलेला तुकडा हाताला लागला की घरातली एखादी वस्तू झाकली गेलीच म्हणून समजा. मी लग्न होऊन आले तेव्हा खोलीत बॅग ठेवून पाणी प्यायला गेले, तेवढ्यात बॅगेचं माप घेऊन झालं होतं.

अशी ही बाई दुकानाच्या पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. प्लास्टर निघालं, मनगट जुळलं, पण अंगठा काही वाकेना. शिलाई मारायला दुकानात दोघी जणी आहेत, पण कापड बेतायचं ते सासूबाईंनीच. त्यांना कात्री चालवता आली नाही, तर दुकानाला कुलूप. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी फळांच्या टोपलीत टाकून दिला. एका पाहुण्यांनी तर तो सोलायलाही घेतला होता. मात्र रोज संध्याकाळी त्या कात्रीत बोटं घालून बघायच्या आणि ती परत खुंटीला अडकवायच्या. मला ते बघवायचं नाही.

आणि अशात माझा नवरा गेम खेळायचं कन्सोल घेऊन आला! म्हणे, "आईच्या अंगठ्याला व्यायाम!" माझं डोकंच फिरलं. निमित्त आईचं आणि हौस लेकाची. खोकं त्याने दातांनी फाडलं, ते काय आईच्या अंगठ्यासाठी?

नमनालाच घडाभर तेल गेलं. टीव्हीची खोळ काढली, वायरी जोडल्या, तर यंत्र म्हणालं आधी मला नवीन काहीतरी उतरवून घेऊ द्या. पडद्यावर एक पट्टी गोगलगायीसारखी सरकत राहिली. सासूबाई कपडे वाळत घालून आल्या तरी ती अर्ध्यावरच. मग यंत्राने खेळणाऱ्याचं वय विचारलं.

"त्याला काय करायचंय?" सासूबाई म्हणाल्या. "आधी स्वतःचं सांग म्हणावं."

शेवटी एकदाचं निळा कोट घातलेलं एक अस्वल पडद्यावर आलं. दोन्ही हातांत धरायच्या खेळाच्या रिमोटवर डाव्या अंगठ्याने ते पळवायचं, उजव्या अंगठ्याने बटण दाबून खड्ड्यावरून उडवायचं. सासूबाईंनी ते पळवलंच नाही. इकडून तिकडे वळवून त्याची पाठ बघत बसल्या.

"बगलेत ओढतोय गं कोट. कोणी बेतलाय?"

मग ते निघालं आणि उजवा अंगठा हलेना म्हणून सरळ खड्ड्यात पडलं. पुन्हा निघालं, पुन्हा पडलं. सासूबाई भडकल्या.

"एवढं मोठं जंगल काढलं, साधा पूल काढता आला नाही मेल्यांना?"

मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या टीव्हीसमोर हजर. "बिचारं रात्रभर खड्ड्यातच असेल," म्हणाल्या. उडी मारताना त्या कोपरासकट खांदा उडवायच्या, खुर्चीवरून स्वतः उठायच्या. आणि एके दिवशी अंगठा चिमूटभर वाकला, बटण दाबलं गेलं आणि अस्वल पलीकडे पोचलं. त्या अशा ओरडल्या की शेजारीण धावत आली.

पण नशीबच फाटकं. खेळ जरा रंगात आला की यंत्र फट्‌दिशी बंद पडायला लागलं. रोज तेच. नवऱ्याने वायरी उपटून पुन्हा लावल्या, यंत्राला दोन चापट्याही मारल्या. सासूबाईंनी खेळाचा रिमोट खाली ठेवला. "माझ्या हाताचाच गुण," म्हणाल्या आणि खेळायच्या बंद झाल्या. आता मात्र मलाच चैन पडेना. यंत्र जिथून आणलं त्या दुकानातल्या दुरुस्तीवाल्याला मी बोलावलं.

तो टीव्हीपाशी वाकला. "यंत्र कुठंय?"

आम्ही तिघांनी एकदमच बोट दाखवलं आणि त्याने त्यावरची खोळ उचलली. जुन्या शिलाई मशीनची, आत कापूस भरलेली जाड खोळ! ती आमच्या कोणाच्या डोळ्यांना दिसलीच नव्हती. यंत्रासोबतचं पुस्तक पाठ करणाऱ्या माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही. नाकावर चष्मा आणि घरभर शोध, त्यातली गत.

"अहो काकू, ह्याला ताप भरलाय," दुरुस्तीवाला म्हणाला. "ह्याला श्वास घ्यायला जागा लागते."

"आणि धूळ बसली म्हणजे?"

"बसू द्या."

घरात असं वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. आम्ही सासूबाईंकडून पुन्हा खोळ न घालण्याचं वचन घेतलं. पण त्या उघड्या यंत्रासमोरून जाताना त्या मान वळवून जायच्या.

त्यानंतर अस्वल सुटलंच. मीही खेळायला लागले आणि सासूबाईंकडून रोज हरायला लागले. चिडचिड व्हायची, पण त्यांचा अंगठा बघून बरंही वाटायचं.

मग एका संध्याकाळी नवरा खेळत होता. शेवटचा, सगळ्यात रुंद खड्डा आला, अस्वलाने उडी मारली आणि पडदा काळा झाला.

"आई!" नवरा किंचाळला.

मी तरातरा टीव्हीपाशी गेले. यंत्रावर नवीकोरी निळी खोळ! अंगाला चोपून बसलेली, दोन पदरी झालर लावलेली.

"आई, वचन दिलं होतंत ना?"

"मग ठेवलीत की दोन काजं," सासूबाई म्हणाल्या. "श्वास घ्यायला."

खरंच होती. शर्टाच्या बटणाएवढी दोन. मी खोळ ओरबाडून काढली आणि पुढे बोलायला तोंड उघडलं, तर हातातल्या कापडावर नजर गेली. चारही कोपरे गोल बेतलेले, कुठे कात्री अडखळलेली नाही. आमच्या घरात असं कापड एकाच बाईला बेतता येतं.

मी खुंटीकडे पाहिलं. कात्री नव्हती.

"अगं, दुकानात राहिली," त्या म्हणाल्या. "उद्या पडदे बेतायचेत."

नवरा अजून त्याच्या अस्वलासाठी हळहळत होता. मी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. सासूबाईंचा उजवा हात घट्ट धरून मी तिथेच रडत बसले, आणि रडता रडता ती खोळ परत यंत्रावर घातली.