मोहनराव आणि बदकांचं तळं

चहा विचारला की मोहनराव आधी घड्याळ बघायचे. "आमच्या गावात चहा चारला," म्हणायचे. आमचं गाव म्हणजे इंग्लंडातलं! मुलगा तिकडे स्थायिक, म्हणून हे दर उन्हाळ्यात जाऊन येत आणि उरलेलं वर्ष आमचं डोकं खात. जन्म मात्र वसईतला, आमच्याच आळीतला. इथल्या देवळाचा जीर्णोद्धार कोणी केला ते ठाऊक नाही, तिकडच्या चर्चची घंटा कोणी ओतली ते तोंडपाठ.

"मूठभर उंबऱ्यांचं गाव हो, पण इतिहास काय जपलाय!" हे त्यांचं पालुपद. त्या गावात बदकांचं तळं आहे. पूर्वी कोणा जमीनदाराने ते बुजवायला काढलं, तेव्हा गावातल्या बायका आडव्या उभ्या राहिल्या. हे सांगताना मोहनरावांचा गळा दाटून यायचा. बदकांसाठी! सख्ख्या चुलत्याच्या दहाव्याला हा माणूस जांभया देत होता.

यांच्या स्वतःच्या वाडीत बावखल होतं. गोड्या पाण्याच्या तळ्याला आमच्याकडे बावखल म्हणतात. सातबारा त्यांचा, पण तिथे पाऊस मुरायचा म्हणून सगळ्या आळीच्या विहिरी गोड. उन्हाळ्यात आम्ही मिळून त्यातला गाळ काढायचो, तेव्हा हे नेमके बदकं बघायला गेलेले. माझ्या सासूबाईंनी लहानपणी त्यांना त्याच बावखलात पोहायला शिकवलं होतं.

एक दिवस वाडीत मातीचे डंपर आले. मोहनरावांना तिकडच्यासारखं हिरवंगार लॉन हवं होतं. सासूबाई काठी टेकत गेल्या.

"मोहन, बुजवू नको रे. विहिरीचं पानी खारं होईल."

"काकू, डास होतात. जरा जगाकडे बघा!"

आम्ही बायकाही गेलो, हातापाया पडलो. आमच्यासाठी त्यांचा गळा काही दाटला नाही. मेल्याने बावखल बुजवलंच.

पुढच्या उन्हाळ्यात आळीतल्या विहिरी खारट झाल्या. सासूबाईंचा चहा नासायला लागला, अळूचा वाफा करपला. मोहनरावांचं लॉनही करपलं, तेवढाच काय तो मला आनंद. ते मात्र कायमचे मुलाकडे निघून गेले.

परवा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. तळ्याकाठी उभे होते. "बघा काकू, कसं जपलंय लोकांनी!"

सासूबाईंनी फोन डोळ्यांजवळ धरला.

"पानी गोडं हाय का रे तिथलं?"

"असेल की, काकू!"

"मग तेवढं तरी बुजवू नको," म्हणाल्या, आणि फोन माझ्या हातात देऊन टँकरच्या रांगेत कळशी ठेवायला गेल्या.