म्हातारीचं नाव

माझी सासू रुख्मा नवेगाव बांधच्या बाजारात मासे विकते. तीस-पस्तीस वर्षं झाली. कोणी मरळीचा कल्ला उघडून वास घेत बसलं, की म्हणते, "घ्याचं तं घे, नाही तं भाजीच्या लायनीत जा." तरी गिऱ्हाईक तिच्याचकडे येतं. शिळा मासा तिनं कधी कोणाच्या पिशवीत टाकला नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. घरातही बोलणं तसंच. लग्न होऊन आले तेव्हा पहिले सहा महिने मी तिला जाम घाबरायची.

यंदा जानेवारीत मला मुलगी झाली. दिवेलागण होऊन गेली होती. सासू दवाखान्याच्या अंगणात शेकोटीपाशी बसली होती, वर रोहिणीची तांबूस चांदणी निघालेली. आत आली, पोरीला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "इचं नाव रोहिणी." मला विचारलंसुद्धा नाही. मी तर मनात 'आर्वी' ठरवून ठेवलेलं. राग आला, पण तिच्यापुढे बोलणार कोण?

बारशाला गोंदियाहून नणंद आली, डिंपल. शाळेत विज्ञान शिकवते. कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पाळणा सजला, बायका जमल्या, आणि हिनं उचलली जीभ लावली टाळ्याला. "आई, रोहिणी म्हणजे राक्षसी तारा. रेड जायंट. शाळेत राक्षसीण म्हणून चिडवतील ना तिला." घ्या, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. खरं सांगते, मला मनातून बरंच वाटलं. म्हटलं, आता आपलं आर्वी येतंय.

"राक्षस काऊन म्हनतेत?" सासूनं विचारलं.

"म्हातारा झालेला तारा आहे तो. आतलं जळण सरलं की तारा फुगतो, तांबडा होतो. आपल्या सूर्याच्या चाळीसपटीहून रुंद झालाय."

"म्हंजे लय म्हातारी हाय थे?"

"हो. खूपच."

सासू पाळण्याची दोरी धरून उभी होती. "मंग तेच ठेव. तुह्या आंगोदर माह्या दोन पोरी झाल्या. एक बी बारशापावतर नाही राहिली. नावं नाहीत त्यायले. मले माह्या नातीले म्हातारी झालेलीचं नाव द्याचं हाय."

हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. डिंपललाही नाही, तिच्या पोटच्या लेकीला. मला माझ्या आर्वीची लाजच वाटली. मीच म्हटलं, "रोहिणीच. सांगा ताई."

डिंपल पाळण्यावर वाकली, कानात नाव सांगितलं. पण उठेचना. आणखी काहीतरी पुटपुटत राहिली. एवढं लांब नाव आहे का, म्हणून बायका हसायला लागल्या.

"काय सांगून राहिली वं?" सासूनं विचारलं.

डिंपलनं पदरानं डोळे पुसले. "म्हातारी हो, म्हटलं."