आत्याबाईंचे तीन झगे

तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. सगळी इमारत तिला ‘बातमीपत्र’ म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. अशा बाईकडे टीव्हीवाल्यांनी कपडे शिवायला द्यावेत, हीच मुळात गंमत!

मालिका एका जुन्या, गाजलेल्या रहस्यकथेवरची. त्यातल्या सगळ्या पात्रांना एकेक पोशाख, आणि आत्याबाई नावाच्या पात्राला मात्र एकसारखे तीन निळे झगे. तिने कारण विचारलं.

“रक्त उडतं ना अंगावर. शॉट परत घ्यायचा तर कोरा झगा नको?” कपडेवाला बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. मालिकेत मरतो तर म्हातारा जमीनदार! मग आत्याबाईंच्या अंगावर रक्त कसलं, हे तिला लगेच उमगलं. “शेवटच्या भागाआधी हे फुटलं, तर पुढच्या मालिकेचं काम विसरा,” त्याने दम भरला.

ते काम तिला जिवापाड हवं होतं. तिने तोंडाला टाका घातला.

पण घरात सासूबाई होत्या. त्यांनी पुस्तक लग्नाआधीच वाचलेलं. “खुनी डॉक्टर! नसला तर नाव बदलेन,” असं त्या जिन्यात, गच्चीत, अगदी दूधवाल्यालाही सांगत सुटल्या. गोष्ट बदललीय हे एकट्या सुनेला ठाऊक. सासूशी तिचं रोज वाजायचं, पण लोकांनी तिच्या सासूला हसायचं? छे!

शेवटच्या भागाला सगळी इमारत त्यांच्याच खोलीत. खुनी उघडा पडणार, तेवढ्यात जाहिराती लागल्या.

“चुकलात, तर उद्यापासून तुम्हाला डॉक्टरीणबाई म्हणणार!” समोरचे पेन्शनर काका म्हणाले, आणि खोली खिदळली.

झालं. सुनेने उठून मेन स्विचच पाडला. अंधारात एकच कल्ला. ती चाचपडत सासूच्या कानाशी पोचली. “आई, आत्याबाई! खुनी आत्याबाई!”

दिवे आले. सासूबाई खाकरल्या.

“डॉक्टर पुस्तकातला हो. इथल्या ह्या आत्याबाईचं लक्षण काही मला ठीक दिसत नाही.”

थोड्याच वेळात निळा झगा रक्ताने माखलेला दिसला. टाळ्याच टाळ्या! काकांनी कान पकडले, सासूबाईंनी माफही केलं.

मंडळी पांगल्यावर त्यांनी सुनेचा दंड धरला. “कधीपासून माहीत होतं गं?”

“झगे शिवले तेव्हापासून.”

“अगं भवाने! जन्मात तुझ्या तोंडात तीळ भिजला नाही, आणि नेमका हाच भिजत घातलास?”