चंदनआक्कांनी ट्रेनर पाहिला

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करणाऱ्या जवाहर मगदुमांच्या पत्नी चंदनबाला यांना अख्खी गल्ली चंदनआक्का म्हणते. वय बासष्ट. वजन किती, हे विचारायची छाती अजून कुणाची झालेली नाही. आक्का बोलायला मोकळ्या, हातानं सढळ. त्यांचा उंबरा ओलांडून आत आलेला माणूस तोंड न हलवता परत गेला, तर त्यांना तो स्वतःचा अपमान वाटतो. विजेचं मीटर बघायला येणारा माणूससुद्धा शेंगापोळी खाऊनच आकडा लिहितो.

अशा सुखी बाईला ट्रेनरचं खूळ लागलं ते कुंडलच्या डोंगरामुळं. श्रावणात कुंडलला पार्श्वनाथाची यात्रा असते. गावातल्या मंदिरात दर्शन झालं की लोक डोंगरावरच्या मूर्तीकडं निघतात. गेल्या श्रावणात महिला मंडळातल्या सगळ्याजणी निघाल्या आणि एकजण सहज म्हणाली, "आक्का, तुमी खालीच बसा. पिशव्या बघा आमच्या."

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आक्का त्या पिशव्यांच्या ढिगाशेजारी बसून राहिल्या आणि वरून जयजयकार ऐकू आला तेव्हा त्यांना रडू कोसळलं. घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "पुढच्या श्रावणात मी वर जाणार. कुणाच्या खांद्यावरनं न्हाई. माझ्या पायांनी."

"जा की," जवाहरअण्णा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "डोंगराला आधी कळवून ठेवतो."

सून दीपालीनं मात्र चेष्टा केली नाही. "आत्ती, आता घरी येऊन व्यायाम घेणारे ट्रेनर मिळतात. फक्त आपल्याला कोण मानवेल ते बघून निवडायला लागतं."

बघून निवडायचं म्हटल्यावर आक्कांना जोर आला. नात्यातली निम्मी लग्नं त्यांनीच जुळवलेली. माणूस पारखण्यात आपला हात धरणारं सांगलीत कुणी नाही, ही त्यांची पक्की समजूत होती. संक्रांत झाली आणि एका रविवारी रीतसर पाहण्याचा कार्यक्रम ठरला. बैठकीच्या खोलीत सतरंजी, बिनकांद्याचे पोहे, शिरा, चहा. अण्णांना स्वच्छ शर्ट घालून कोपऱ्यात बसवलं.

पहिला आला ऋषिराज. दंड असे की शर्टाच्या बाह्या केविलवाण्या झालेल्या. बोलताना त्याचं लक्ष आक्कांपेक्षा शोकेसच्या काचेत जास्त. त्यानं मोबाइल काढून आक्कांचा 'आधीचा फोटो' मागितला. नंतरचा फोटो आपण जाहिरातीत लावू म्हणाला. मग रोज सहा अंडी, पांढरं तेवढं, आणि उपवास एकदम बंद.

"बाळा," आक्का शांतपणे म्हणाल्या, "पोहे खा आणि नीट घरी जा."

दुसरी आली उत्कर्षा. जत तालुक्यातली, काटक, खो-खो खेळलेली पोर. व्यायामशिक्षणाचा रीतसर अभ्यास केलेली. तिनं पोह्यांची बशी हात न लावता बाजूला सारली. "नगं आक्का, कामाला आले की मी खात न्हाई. तुमाला नेमकं काय करायचंय?"

"कुंडलचा डोंगर चढायचाय."

"गुडघ्याचे फोटो काढलेत? डॉक्टरनी काय सांगितलंय? बीपीची गोळी कुठली? आता हात न टेकता खुर्चीवरनं उठून दावा बघू. आणि त्या दारापतूर चाला."

आक्का उठल्या, पण हात टेकून. चालल्याही. आणि चालता चालता त्यांच्या लक्षात आलं की बघायला बसलोय आपण आणि चालून दाखवतोयही आपणच. ही कसली उलटी गंगा! कोपऱ्यात अण्णांना हसू आवरेना. ती गेल्यावर आक्कांनी निकाल दिला, "लय आगाऊ हाय पोरगी. चहासुद्धा न्हाई घेतला."

तिसरा आला सम्मेद. नांद्र्याचा, आपल्यातला, मऊ आवाजाचा. आल्याबरोबर वाकून पाया पडला. चौकशी केली तर त्याची आजी आक्कांची बालमैत्रीण निघाली! त्यानं पोहे दोनदा घेतले, शिरा तीनदा. अंड्याचं नावसुद्धा काढलं नाही, आणि सूर्यास्ताआधी जेवण्याची पद्धत आरोग्याला कशी चांगली हे आपणहून सांगितलं. आक्कांनी तिथल्या तिथं होकार कळवला. नुसती सुपारी फोडायची बाकी राहिली.

सम्मेद रोज सकाळी वेळेवर यायचा. दोघं गच्चीवर जायचे. तो हात वर करायचा, आक्का हात वर करायच्या. मग आक्का म्हणायच्या, "दमले बघ," आणि सम्मेद घाईघाईनं म्हणायचा, "बसा, बसा आक्का." मग खाली येऊन खपली गव्हाची खीर, धपाटे, त्यावर लोण्याचा गोळा. एवढं पोर आपल्यासाठी लांबून येतं, त्याला उपाशी कसं धाडायचं? खाणाऱ्याला सोबत हवी म्हणून आक्काही दोन घास घ्यायच्या. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तसं झालं. शिमगा जवळ आला तोवर आक्का होत्या तशाच राहिल्या आणि ट्रेनरचा पट्टा मात्र शेवटच्या भोकावर गेला.

हे उघडकीला आलं एका बारशात. विश्रामबागेत भाचीच्या घरी बारसं, घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. सम्मेदलाही आमंत्रण होतंच. आक्का त्याला म्हणाल्या, "चल, आपला व्यायाम दाखवू सगळ्यांना." दुसऱ्या मजल्यावर आक्कांनी कठडा धरला. छाती भात्यासारखी चाललेली. आधारासाठी त्यांनी शेजारी पाहिलं, तर सम्मेद पायरीवरच बसलेला, घामानं डबडबलेला आणि त्यांच्यापेक्षा जास्त धापा टाकणारा!

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. आधी आक्का हसल्या, मग तो हसला. हसताना आणखी दम लागला. पण हसू ओसरलं तसा आक्कांचा चेहरा उतरला. तीन जिने झेपत नाहीत, तर डोंगर कुठला झेपतोय?

"आक्का, चूक माझी," सम्मेद मान खाली घालून म्हणाला. "दुसऱ्या लोकांना मी दरडावून उठाबशा काढायला लावतो. तुमी म्हणजे माझ्या आजीसारख्या. 'बसू नका, अजून काढा' म्हणायला जीभच रेटत न्हाई. तुमाला उत्कर्षाच पायजे. मी वळखतो तिला, ती तुमचं ऐकायची न्हाई."

भीड भिकेची बहीण म्हणतात, ते आक्कांना त्या जिन्यात पटलं. त्यांनी नातं पारखलं होतं, कूळ पारखलं होतं, शिरा खाण्याची आवडसुद्धा पारखली होती. आपल्याला डोंगर चढवेल कोण, एवढंच पारखायचं राहून गेलं होतं. घरी येऊन त्यांनी स्वतः उत्कर्षाला फोन लावला. सम्मेदला त्यांनी सोडलं नाही हं. रविवारी जेवायला यायचं त्याला बजावलं, फक्त नातू म्हणून.

पाडव्यापासून उत्कर्षा यायला लागली. तिनं आधी डॉक्टरांना विचारून घेतलं, आणि मग पहिला आठवडा नुसतं खुर्चीवरून उठणं आणि बसणं. "ह्यात कसला व्यायाम?" म्हणणाऱ्या आक्कांच्या मांड्या दुसऱ्या दिवशी बोलायला लागल्या. मग एक पायरी, मग अर्धा जिना. चढण्याइतकाच ती उतरण्याचा सराव घ्यायची. "डोंगरावर जाणारी सगळीजणं चढायचं बघत्यात आक्का. गुडघं रडत्यात ते उतरताना." उपवासाच्या दिवशी ती व्यायाम ठेवायची नाही. नुसतं कृष्णेच्या घाटावर हळूहळू चालवून आणायची आणि म्हणायची, "तुमचा धरम तुमच्याजवळ. व्यायामानं त्याच्या सोयीनं यायचं."

एकदा वैशाखात आक्का चिडल्या. गुडघा ठणकत होता, घाम डोळ्यांत जात होता. त्या मट्कन पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मला न्हाई व्हायचं हे. या वयात कशाला?" सम्मेद असता तर पाणी घेऊन धावला असता. उत्कर्षानं गुडघा दाबून पाहिला, कुठं दुखतं ते विचारलं आणि शेजारी बसली. मग म्हणाली, "गुडघ्यावर आज ताण न्हाई द्यायचा, ते खरं. पण दुसरा पाय रिकामा हाय की. उठा." आक्कांना इतका राग आला की रागातच त्या उठल्या. संध्याकाळी त्यांनी अण्णांना सांगितलं, "पोरगी लय खाष्ट हाय हो." आणि ते सांगताना त्यांचा चेहरा असा काही खुलला होता की अण्णांनी पेपर खाली ठेवून त्यांच्याकडं नीट पाहिलं.

श्रावण आला. यात्रेच्या दिवशी उत्कर्षाला जतला ती शिकवते त्या मुलींच्या खो-खोचे सामने होते. "डोंगर तुमचा, मी येऊन काय करू? पहिल्यांदा सगळ्यांच्या मागं ऱ्हावा," एवढंच ती म्हणाली.

पाऊस उघडला होता. पायऱ्या ओल्या होत्या, डोंगर हिरवागार. सगळ्यांच्या पिशव्या आक्कांनी आधीच गाडीत टाकून कुलूप लावून घेतलं होतं. मंडळातल्या बायका झपझप निघाल्या, त्यांच्याबरोबर दीपालीही. आक्का मागं राहिल्या, काठी टेकत, एका लयीत, तोंडानं णमोकार मंत्र आणि नाकानं श्वास. पायऱ्या संपून खडकाळ वाट लागली तिथं पहिल्या दोघीजणी दगडावर बसलेल्या दिसल्या. मग आणखी चौघी. त्या "आक्का!" म्हणून बघतच राहिल्या. आक्कांनी थांबून त्यांची विचारपूस केली आणि पुन्हा पाऊल उचललं. पोटऱ्या ताणल्या होत्या, छाती धडधडत होती, पण ती धडधड आता ओळखीची होती. भीतीची नव्हती.

वरचं शिखर दिसायला लागलं तसे आक्कांचे डोळे भरून आले. त्यांना इतका आनंद झाला की मोठ्यानं हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. तेवढ्यात खालच्या वळणावरून हाक आली. कमरेवर हात ठेवून, लाल झालेल्या चेहऱ्यानं दीपाली उभी होती.

"आत्ती, थांबा की जरा! किती भरभर चालताय!"

चंदनआक्का थांबल्या. त्यांनी सुनेच्या दिशेनं हात पुढं केला आणि म्हणाल्या, "ये गं बाय, सावकाश ये. मी हाय हितंच."