क्रांतीच्या गाडीचे पट्टे

गाडीत बसून पट्टे आवळले की क्रांतीचे खांदे खाली दाबले जातात. हे माझ्या डोक्यातून जात नाही. भाकरी थापताना, दूध तापवताना, टीव्हीसमोर बसले तरी मला तिचे खांदेच दिसतात, कुणीतरी वरून दोन्ही हात ठेवून दाबून धरल्यासारखे. रडू येत नाही. नुसतं दिसत राहतं.

क्रांती माझी एकुलती एक मुलगी. साताऱ्याला पंपांच्या कंपनीत नोकरीला आहे, गोडोलीत खोली घेऊन राहते. सुट्टीला आष्ट्याला घरी येते, आणि ती येते आहे हे गल्लीला आमच्याआधी कळतं, इतका तिच्या गाडीचा आवाज. गाडी छोटी, लाल, जमिनीला टेकल्यासारखी बसकी, मागे काळा पंख. जुनीच घेतली, स्वतःच्या पगारातून. मोकळ्या मैदानावर शंकू मांडून, त्यांच्यामधून वळत वळत एकेक गाडी वेळ लावून सोडतात, अशा स्पर्धा असतात. लोणंदला होतात, कोल्हापूरकडे होतात. त्यात ती उतरते. बायका दोन-चारच असतात. आमच्या आळीत तिला 'सुभेदाराची फॉर्म्युला' म्हणतात. आधी कुत्सितपणे म्हणायचे, आता सवयीने म्हणतात.

सुभेदार म्हणजे माझे पती, दादासो. समोर मी 'अहो' म्हणते, इथे नावाने लिहिते. फौजेत ते सामान वाहणाऱ्या ट्रकांवर होते. सुट्टीवर आले की क्रांती त्यांच्या मांडीवर बसून ट्रॅक्टरचं स्टिअरिंग धरायची. सातवीत असताना तिने एकटीने ट्रॅक्टर रानातून घरी आणला, तर त्यांनी सगळ्या भावकीत कौतुकाने सांगितलं. तीच मुलगी मोठी होऊन शर्यतीची गाडी घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा मात्र ते काही न बोलता मागच्या दाराने गोठ्यात निघून गेले. त्यानंतर दोन वर्षं, गाडी दारात आली की त्यांना गोठ्यात काम निघायचं.

"पप्पा, बसा की. एक चक्कर."

"म्हशीला पाणी दावायचंय."

"आत्ताच दावलं की तुम्ही. तिचं पोट फुटंल."

ते मान फिरवायचे. क्रांती हसून गाडी पुसायला लागायची. पुसायची मात्र बराच वेळ.

हे बदललं ते पट्ट्यांमुळे. म्हणून तर अवघड झालं आहे.

गेल्या नवरात्रात तिने शर्यतीचे पट्टे मागवले. गाडीबरोबर येतो तो पट्टा एकाच खांद्यावरून असतो. हे चार टोकांचे होते, दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, पोटावर एक बक्कल. पुण्याच्या एका गॅरेजात बसवून घेणार होती. खोकं ओसरीवर उघडं पडलं होतं. दादासो येता येता थांबले, उकिडवे बसले आणि पट्टा बोटांमधून ओढून बघायला लागले.

"ह्यो तर पॅराशूटच्या पट्ट्यागत हाय. कुठं बसवणार?"

"पुण्यात."

"पुण्याला कशापायी? तानाजी मेलाय का?"

क्रांतीने माझ्याकडे पाहिलं. त्या गाडीबद्दल त्यांनी आपण होऊन काढलेले ते पहिले शब्द होते.

तानाजी आमच्या रस्त्यावरचा वेल्डर. उसाच्या ट्रॉल्या बनवतो. दुपारी गाडी त्याच्या शेडमध्ये उभी राहिली. मी चहा घेऊन गेले, म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर झालं. मागची सीट क्रांतीने आधीच काढून ठेवली होती. तिच्या सीटच्या मागे, खाली तळाच्या पत्र्याला दोन हूक बसवायचं दादासोंनी ठरवलं. म्हणजे पट्टा खांद्यावरून जाईल, सीटच्या पाठीवरून सरळ खाली उतरेल आणि तळाला आवळला जाईल. ऊस भरलेल्या ट्रॉलीवर पट्टा टाकून तो खालच्या हुकाला ओढतात, तसंच.

"खालनं जाड प्लेट लाव," ते म्हणाले. "नुसत्या पत्र्यात बोल्ट नको."

"सुभेदार, ट्रॉलीभर ऊस हलत न्हाई माझ्या हुकातनं. ही तर एवढीशी पोरगी."

"काका, वजनावर जायचं नाही हां," क्रांती गाडीतून ओरडली. मग जरा थांबून म्हणाली, "पप्पा, खांद्याचे पट्टे मागं सरळ गेले तर..."

"सरळ गेलं की माल वर उचलतंय. खाली वढला की जाग्याचा हलत न्हाई. आगं, लडाखला अंडी पोचवल्यात मी. एक फुटलं न्हाई."

"ऐकलंस का, बाय?" तानाजी म्हणाला. "तू अंडं हायस. गप बस."

क्रांती हसली आणि गप्प बसली. वेल्डिंगचा उजेड पडला तेव्हा आम्ही सगळ्यांनी तोंडं फिरवली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. विळे, कुऱ्हाड, पाने-पकडी, ट्रॅक्टर, सगळ्यांची पूजा झाली. मग दादासो ताट घेऊन लाल गाडीकडे गेले, वाकून आत शिरले आणि त्या दोन हुकांना हळदकुंकू लावलं. बाहेर येऊन धोतराला हात पुसले आणि क्रांतीच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. बोलावलं कुणी नव्हतं. बागणीच्या फाट्यापर्यंत जाऊन आले. उतरल्यावर म्हणाले, "ब्रेक बरा हाय." क्रांती त्या रात्री तीन भाकऱ्या जेवली.

तिच्या बाजूचा मूळचा पट्टा त्यांनीच काढून माळ्यावर टाकला, दोन-दोन कशाला म्हणून. पट्टा लावला नाही म्हणून गाडी सारखी टुणटुण वाजू नये यासाठी त्याच्या खाचेत बाजारात मिळते ती खोटी क्लिप खोचली. त्यामुळे क्रांती आता नुसती शर्यतीतच नाही, तर हायवेवरही त्याच चार पट्ट्यांत बसते.

दिवाळीत मी गंमत म्हणून त्या सीटवर बसले. दादासोंनी स्वतः पट्टे आवळले.

"आता सांग. हलतीस का?"

हलत नव्हते. पण पट्ट्यांनी मला मागे धरलं नव्हतं, खाली खेचलं होतं. पाठीचे मणके एकावर एक टेकल्यासारखे वाटले. मी कऱ्हाडला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, पुढे त्याचं काही झालं नाही. पण तिथे बसल्या बसल्या एवढं कळलं, की गाडी एकदम थांबली आणि अंग पुढे गेलं, तर हे पट्टे जेवढे ताणतील तेवढे मला खाली दाबतील. मालाला कणा नसतो. माणसाला असतो.

"खांद्यांवर फार दाब येतोय, अहो."

"दाब यायलाच पायजे. त्यालाच घट्ट म्हणत्यात."

जानेवारीत लोणंदच्या मैदानावर क्रांतीची गाडी वळणावर ताब्यातून सुटली आणि कडेला रचलेल्या टायरांवर जाऊन आदळली. तिचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. बंपर फुटलाय, मी ठीक आहे, म्हणाली. मी चहा पूर्ण गाळला. कप दादासोंना नेऊन दिला आणि मग सांगितलं. माझा आवाज नेहमीसारखाच होता. ते पटकन उठून उभे राहिले, परत बसले आणि म्हणाले, "बघ. पट्ट्यांनी वाचवली पोरगी." पुढे आठवडाभर पारावर तेच सांगत होते. लोकांनी मान डोलावली. तानाजीकडे दोघेजण तसले हूक बसवायला विचारून गेले.

क्रांती घरी आली. वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढायला तिने मला हाक मारली. लहानपणापासून तो डबा तीच काढते. खाली वाकताना गुडघ्यावर हात ठेवत होती. मी विचारलं तर आधी उडवून लावलं, मग सांगितलं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी पाठीचा एक्स-रे काढला होता. पाठीच्या एका मणक्यावर दाब बसला आहे, थोडक्यात निभावलं, परत असा हिसका बसू देऊ नका, असं ते म्हणाले होते.

"पप्पांना सांगू नकोस," ती म्हणाली.

"तू मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली मुलगी. ते हूक चुकीच्या जागी आहेत, हे तुला दिसत नाही?"

"दिसतंय की. पहिल्या दिवसापासून."

मी हातातलं काम थांबवलं. ती शेंगा फोडत होती, तशीच फोडत राहिली.

"मागं खांद्याच्या उंचीला एक आडवा पाइप लागतो. पट्टे सरळ मागं नेऊन त्याला बांधायचे. तानाजीकाकाला एका दुपारचं काम आहे."

"मग करून घे की!"

"आई, दोन वर्षं पप्पा म्हशीला पाणी दावत होते. आता स्पर्धा असली की सकाळी त्यांचा फोन येतो, हूक तपासलेस का म्हणून. कुंकू लावलंय त्यांनी त्यांना. मी कुठल्या तोंडानं सांगू, की तुमच्या हुकांनी माझी पाठ दुखवली?"

"पाठ कायमची गेल्यावर सांगशील?"

"हळू चालवीन."

"शर्यतीत?"

त्यावर तिला स्वतःलाच हसू आलं. हसताना तिने कमरेला हात लावला.

मी दादासोंना सांगायचा प्रयत्न केला, क्रांतीची पाठ मधे न आणता. गाडीच्या धडकेचा एक व्हिडिओ दाखवला. त्यात बाहुला बसवलेला असतो, पट्टे खाली ओढलेले, आणि धडक बसली की तो दाबून आखूड झाल्यासारखा होतो. त्यांनी अर्धा बघितला. "ते तिकडचं. तिकडची माणसं उंच असत्यात, त्यांचा हिशोब निराळा," म्हणाले आणि फोन माझ्या हातात देऊन वैरण टाकायला गेले. दुसऱ्यांदा मी नुसतं 'अहो, ते पट्टे' एवढंच म्हटलं, तर ते उठलेच. "हुकांना गंज चढंल, ग्रीस लावायला सांगतो तिला," असं अंगणातून ऐकू आलं. त्यांना काही कळत नाही असं नाही. मला वाटतं, काहीतरी येतंय हे त्यांना कळतं, आणि म्हणून ते उठतात.

परवा रविवारी लोणंदला परत स्पर्धा आहे. क्रांतीची गाडी दुरुस्त होऊन आली आहे, आणि हूक तिथेच आहेत. स्पर्धेवाले सुरुवातीला गाड्या बघतात, पण पट्टे नुसते हाताने ओढून बघतात. ते हलत नाहीत, म्हणून पास करतात. आज संध्याकाळी मी तिला फोनवर विचारलं, जाऊ नकोस म्हटलं तर? ती म्हणाली, "मग पप्पा विचारतील का नाही गेलीस. मग काय सांगू?" पुढे आम्ही आमटीबद्दल बोललो.

सगळं लिहून काढलं तर काहीतरी वाटेल, अशी मला आशा होती. भीती तरी. काही वाटलेलं नाही. हात गार आहेत, तेवढंच. घरात मी एकटी आहे. गळिताचा हंगाम चालू आहे, दादासो साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून रात्रपाळीला आहेत. उद्या सकाळी ते येतील, आंघोळ करतील, जेवतील, झोपतील. मी तोंड उघडलं की उठून जातील. रविवार उजाडेल.

लग्नानंतर सतरा वर्षं ते फौजेत होते. आमच्या संसारातलं जे काही बोलायचं होतं, ते आम्ही फोनवर बोललो. सासूबाईंचं आजारपण, विहिरीचा वाद, माझं दुसरं मूल पोटातच गेलं ते. एसटीडी बूथबाहेर रांग असायची, मागचे लोक ओरडायचे, तरी ते एकही शब्द न तोडता ऐकायचे आणि मी थांबले की म्हणायचे, "पुढं?" परत आल्यावर आम्ही एका घरात राहायला लागलो, आणि बोलणं राहून गेलं.

क्रांतीने मला सांगू नकोस म्हटलं आहे. मी सांगितलं तर ती काही दिवस घरी येणार नाही, किंवा येईल आणि माझ्याशी बोलणार नाही. दादासोंचं काय होईल, मला माहीत नाही. ते परत गोठ्यात जातील, कदाचित कायमचे. या सगळ्याचा माझा एकदा विचार करून झाला आहे. परत विचार केला तरी वेगळं काही निघत नाही.

एवढ्या रात्री फोनवर घरचं नाव दिसल्यावर ते घाबरतील. म्हणून पहिलं वाक्य 'क्रांती बरी आहे' असं म्हणायचं. मग, तिचा मणका जानेवारीत दुखावला आणि तिने तुम्हाला सांगितलं नाही. मग, का सांगितलं नाही ते. मग पाइप कुठे लागतो ते, आणि उद्या झोपायच्या आधी तानाजीला घेऊन साताऱ्याला जा, हे. आणि हेही सांगायचं, की ती तुमच्यावर रागावलेली नाही. ते 'पुढं?' म्हणायची वाट बघायची नाही, सगळं एका दमात सांगायचं.

चार्जर काढला आहे. मी त्यांना आत्ताच फोन लावते.